घेता घेता चालेल असं चूर्ण नाही

दुकानात बायका असल्या की हा माणूस बाहेरच थांबतो. मोबाइल बघतो, समोरच्या भांड्यांच्या दुकानातली पातेली बघतो. गिऱ्हाईक पांगलं की पायरी चढतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "काका, एका मित्रासाठी पाहिजे होतं."

पुण्याच्या रविवार पेठेतलं हे काष्ठौषधींचं दुकान आजोबांनी काढलं. मी तिसऱ्या पिढीचा. गल्ल्यावर बसायला लागून तीस वर्षं उलटली, त्यामुळे हा 'मित्र' माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तिशी ओलांडलेला, लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, शुक्रवार-शनिवार दारूला बसणारा, मॅच असेल तर बुधवारीही. खिशात घडी घातलेला वीर्यतपासणीचा रिपोर्ट, त्यात काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी. तोंडानं मागतो अश्वगंधा, पण मनात त्याला चिलखत हवं असतं. ग्लासही राहावा आणि घरात पाळणाही हलावा, असं काहीतरी.

तसं माझ्याकडे काही नाही. कुणाकडेच नाही. पण म्हणून त्याला रिकाम्या हाती पाठवत नाही. स्टुलावर बसवतो आणि पुढचं सगळं सांगतो. मी वैद्य नाही, विकणारा आहे, हे पहिल्यांदा सांगतो. निदानाला रास्ता पेठेत ताराचंद रुग्णालय आहे, ससून आहे, तुमचे नेहमीचे डॉक्टर आहेत. माझ्याकडचं ते दुकानदाराचं ज्ञान, आणि थोडं स्वतःच्या अंगावरून गेलेलं.

माझी क्वार्टर

१९९७ साली माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. मूल नव्हतं. या तीन वर्षांत बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, नवस झाले, आत्याबाईंनी सुचवलेले उपासही झाले. माझी तपासणी कुणी सुचवलीच नाही आणि मीही विषय काढला नाही. मी रोज रात्री दुकान बंद केल्यावर एक क्वार्टर घ्यायचो. घरी कळू नये म्हणून मागच्या खोलीत, वावडिंगाच्या पोत्याआड.

शेवटी बायकोच्याच डॉक्टरीणबाईंनी मला पाठवलं. काउंट आला मिलीला १ कोटी १० लाख. तेव्हा २ कोटीच्या खाली कमी धरायचे. मी मनात म्हटलं, आपलं तर दुकानच आहे. चांगल्यातली अश्वगंधा काढली, स्वतः कुटली, सहा महिने दुधातून घेतली. आणि अर्ध्या तासानं क्वार्टर. सहा महिन्यांनी काउंट १ कोटी २० लाख. म्हणजे जिथं होता तिथंच.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, पोत्यामागे रिकाम्या बाटल्या सापडल्या. ते ओरडले नाहीत. बाटल्या एका ओळीत गल्ल्यावर मांडून ठेवल्या आणि मी आलो तेव्हा एवढंच म्हणाले, "मळक्या धोतरावर रंग चढत नाही रे." हे त्यांचं स्वतःचं वाक्य नव्हतं. शरीर शुद्ध नसताना रसायन देणं म्हणजे मळलेल्या वस्त्राला रंग देणं, हा दाखला सुश्रुतसंहितेतला. पण चौदा बाटल्यांसमोर ऐकला की तो वेगळाच लागतो.

दारू नेमकं कुठं बिघडवते

हे कळलं की चिलखताचा हट्ट आपोआप सुटतो, म्हणून थोडक्यात सांगतो. वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या पेशी असतात. दारू त्यांना थेट मंदावते, आणि मेंदूकडून त्यांना जो 'काम करा' म्हणून निरोप जातो तोही बिघडवते. दारू पचताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं, त्यातून पेशींना गंज चढतो. शुक्राणू घडायला अ जीवनसत्त्व लागतं. ज्या जातीच्या एन्झाइमांमुळे ते कामाचं रूप घेतं, तीच एन्झाइमं दारू पचवण्यात गुंततात. पुढे यकृत बिघडलं की शरीरात स्त्री-हॉर्मोनचं प्रमाण वाढतं. जुन्या पिणाऱ्यांची छाती सुटलेली दिसते, वृषणं आक्रसतात, त्याचं एक कारण हे. चरकानं मद्याचे दहा गुण ओजाच्या, म्हणजे शरीरातल्या सारभूत बळाच्या, दहा गुणांच्या नेमके उलट सांगितलेत. भाषा वेगळी, पण बोट एकाच दिशेला आहे.

आता 'वनस्पतीनं दारूपासून संरक्षण मिळतं' हे लोक कुठून वाचतात? प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून. उंदरांना दारू पाजायची, सोबत अमुक अर्क द्यायचा आणि वृषणाची हानी कमी झाली का ते बघायचं, असे प्रयोग बरेच झालेत आणि त्यांतल्या अनेकांचा निकाल चांगला आहे. पण उंदराला दारू ठरलेल्या मापात मिळते. तो लग्नात जास्त घेत नाही, वर सिगारेट ओढत नाही. त्याच्यावरून तुमच्या शनिवारची हमी मी देणार नाही.

आधी माप घ्या

गिऱ्हाईक म्हणतं, "फार नाही काका, सोशल." मग मी कागद ओढतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ६० मिलीच्या एका मोठ्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध दारू. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, ८ टक्के धरली, तर ४० ग्रॅम. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यानं हा शेवटचा आकडा परत वाचावा. एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग.

२०१४ साली डेन्मार्कमधल्या १,२२१ तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या हिशेबानं एक युनिट म्हणजे १२ ग्रॅम. आठवड्याला ५ युनिटांच्या वर गेलेल्यांत वीर्याची प्रत घसरायला लागलेली दिसली, आणि २५ च्या वर ठळकपणे. ५ युनिटं म्हणजे ६० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला एक क्वार्टर. सगळे अभ्यास इतकं कडक सांगत नाहीत, थोडी घेणाऱ्यांत फरक न दिसलेलेही आहेत. पण मी रोज एक घेत होतो, आठवड्याला ३५ युनिटं. तिथं वाद घालायला जागाच नाही.

तर एक आठवडा लिहून काढा. पेग मोजू नका, बाटलीतली पातळी बघा. घरी ओतलेला पेग ६० चा कधीच नसतो.

सोडताना

तुम्ही शनिवार-रविवारवाले असाल तर सरळ बंद करा, काही होत नाही. फार तर मित्र चिडवतील.

पण रोज घेत असाल, सकाळी हात थरथरत असतील, न घेतल्यास घाम फुटत असेल, तर एकट्यानं एका रात्रीत बंद करू नका. मी केली होती. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, बनियन पिळून काढावा असा घाम, आणि चहाची बशी ओठापर्यंत नेईपर्यंत निम्मी सांडलेली. माझं तेवढ्यावर निभावलं. जास्त पिणाऱ्यांना पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. यासाठी डॉक्टरांकडे औषधं आहेत, ती त्यांच्या देखरेखीखाली घ्यायची. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून. अनिल आणि अनिता अवचटांनी पुलंच्या देणगीतून उभं केलेलं. तिथं जाण्यात कमीपणा नाही. वनस्पतींच्या पुड्यांवर या टप्प्याला विसंबू नका. ही सूचना मी पुड्या विकणारा देतोय, यावरून काय ते समजा.

तपासणी, आणि माझी स्कूटर

चूर्ण सुरू करण्याआधी वीर्यतपासणी करा. आधीचा आकडा नसेल तर तीन महिन्यांनी कशाशी ताडणार?

शेवटच्या वीर्यपतनानंतर किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवसांचं अंतर ठेवा, आणि दुसऱ्या वेळीही तेवढंच अंतर. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. तिथं जमत नाही, हे अनेकांचं खरं असतं. दाराबाहेर कुणीतरी खोकत असतं. घरून नेणार असाल तर तासाभराच्या आत पोचवा, आणि डबी अंगाशी धरून, शर्टाच्या आतून. मी पहिल्या वेळी डबी स्कूटरच्या डिकीत टाकली. डिसेंबरची सकाळ, लक्ष्मी रोडला वाहतूक तुंबलेली, पोचायला दीड तास. लॅबवाल्यानं वेळ विचारली नाही, मी सांगितली नाही. रिपोर्टमध्ये हलणारे शुक्राणू ५ टक्के. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या ठिकाणी परत केली तेव्हा ३५ निघाले. नुसत्या थंडीचा आणि उशिराचा हा प्रताप. वर सांगितलेला १ कोटी १० लाखांचा काउंट या दुसऱ्या रिपोर्टातला.

रिपोर्ट कसा वाचायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: वीर्य १.४ मिली, एका मिलीत १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. हो, चारच. ९६ टक्के वाकडे बघून घाबरू नका, निसर्गाचाच कारखाना तसा आहे. आणि या मर्यादेच्या खाली म्हणजे मूल होणारच नाही, असंही नाही. एका रिपोर्टवर कधीच ठरवू नका, दोन हवेत.

याच वेळी यकृताची रक्ततपासणी करून घ्या. का, ते पुढे येईल. आणि शुक्राणू अजिबातच नसतील किंवा फारच कमी असतील तर माझ्या दुकानाची पायरीही चढू नका, सरळ मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा.

आता पुड्या

अश्वगंधा. आमच्याकडे येते ती बहुतेक नीमचच्या बाजारातून, आणि नागोरी म्हणून मागतात ती राजस्थानची. चूर्ण घेऊ नका, मुळी घ्या. मुळी पेन्सिलीएवढी किंवा थोडी बारीक, सरळ, बाहेरून मातकट पिवळसर. दोन बोटांत धरून मोडा. कट्कन मोडली पाहिजे आणि आत पांढरी, पिठूळ दिसली पाहिजे. वाकली तर ओलावा आहे, लवकरच बुरशी धरेल. भोकं असतील तर किड्यानं आधीच जेवून घेतलंय. मोडलेला तुकडा किंचित ओला करून हुंगा. तबेल्यासारखा वास येतो. अश्वगंधा नाव उगीच नाही पडलं. चूर्णात हिरवट झाक दिसली तर पानं मिसळल्याचा संशय घ्या. २०२१ साली आयुष मंत्रालयानंही पानं न वापरण्याविषयी सूचना काढली होती. मूळच हवं.

२०१३ साली काउंट कमी असलेल्या ४६ पुरुषांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या काहींना मुळाचा अर्क दिवसाला ६७५ मिलिग्रॅम, तीन वेळा विभागून, ९० दिवस दिला. त्यांचा सरासरी काउंट मिलीला ९६ लाखांच्या आसपास होता, तो अडीच कोटींवर गेला. आकडा मोठा आहे, पण माणसं थोडी आहेत, हे दोन्ही लक्षात ठेवा. दारू पिणाऱ्याचं संरक्षण होतं का, हा तिथं प्रश्नच नव्हता. आणि तो अर्क होता, चूर्ण नव्हे. चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. मी ३ नं सुरुवात करायला सांगतो. घरचा चमचा वापरू नका, एकदा सोनाराच्या काट्यावर मोजून घ्या आणि कुठल्या चमच्यात किती मावतं ते ठरवा.

घ्यायची कशी? लोक गरम दुधात चूर्ण ढवळतात, ते वर तरंगतं, घशात खरखरतं, आणि आठव्या दिवशी पुडी फडताळात जाते. त्याऐवजी क्षीरपाक करा. प्रमाण एकास आठ दूध आणि बत्तीस पाणी. म्हणजे ५ ग्रॅम भरड मुळीला ४० मिली दूध आणि १६० मिली पाणी. भरड म्हणजे खलबत्त्यात रव्याएवढी जाड कुटलेली, वस्त्रगाळ नको. पितळी कल्हईचं किंवा स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या. सगळं एकत्र करून मंद आचेवर ठेवा. आधी ते निळसर, पाणचट दिसतं, जणू दूधवाल्यानं फसवलंय. पंचवीसेक मिनिटांत पाणी आटत जातं, रंग बदामी होतो, कडेला साय धरायला लागते. एक युक्ती अण्णांची: सुरुवातीला फक्त ४० मिली पाणी पातेल्यात घालून लाकडी चमच्याच्या दांड्यावर पाण्याची खूण करायची. मग बाकी सगळं ओतायचं आणि आटून परत त्या खुणेला आलं की गॅस बंद. गाळा, चोथा दाबून पिळा, कोमट प्या. साखर हवी तर खडीसाखर. रात्री झोपण्याआधी घ्या, कारण झोप चांगली लागते. याच कारणासाठी झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्यासोबत ती नको.

आता यकृताचं. अश्वगंधेनं यकृताला त्रास झाल्याची प्रकरणं नोंदली गेलीत. ती फार नाहीत, पण आहेत. आणि पिणाऱ्याचं यकृत आधीच दमलेलं असतं. म्हणून आधी रक्ततपासणी. आकडे वाढलेले असतील तर अश्वगंधा तूर्त नाही. घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठा. थायरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तरी आधी विचारा, ती थायरॉइडचे आकडे हलवते.

कवचबीज. गावाकडची खाजकुइली, जिच्या शेंगेची कुसं शाळेत मित्राच्या मानेवर टाकली की तो दिवसभर नाचायचा. तिचं बी. लखनौच्या २००९ च्या अभ्यासात मूल न होणाऱ्या ७५ पुरुषांना ५ ग्रॅम चूर्ण दुधातून तीन महिने दिलं होतं, आणि हॉर्मोन व काउंट दोन्ही सुधारल्याची नोंद आहे. बी दुधात उकळून, टरफल काढून, वाळवून मगच दळतात. असं शुद्ध न केलेलं घेऊ नका. यात एल-डोपा असतं, जे कंपवाताच्या रुग्णांना औषध म्हणून देतात. त्यामुळे मानसोपचाराच्या किंवा कंपवाताच्या गोळ्या सुरू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता हात लावू नये.

सफेद मुसळी महाग आणि म्हणूनच भेसळीची लाडकी. हिच्या शास्त्रीय नावात आपली बोरिवली आहे, बोरिव्हिलियानम. लोकांना ती 'आफ्रिकेची ताकद' वाटते, ही आपली सह्याद्रीतली. मी ती मुद्दाम सुचवत नाही, माझा त्यात नफा जास्त असूनही. गोखरू, म्हणजे सराट्याची फळं, मूत्रविकारांसाठी जुनं औषध. जिमवाली पोरं टेस्टोस्टेरॉन वाढवायला नेतात. माणसांवरच्या चाचण्यांत ते फारसं वाढलेलं दिसत नाही, हे मी सांगतो आणि तरी ती नेतात. आवळा खा. हिवाळ्यात ताजा, एरवी वाळवलेला. निदान नुकसान तरी नाही.

झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मात्र फार गाजल्यात म्हणून एक ओळ: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या २,३७० पुरुषांच्या मोठ्या चाचणीत त्यांनी ना वीर्य सुधारलं, ना मुलं जास्त झाली. तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया खा आणि पैसे वाचवा.

हे मी देत नाही

अश्वगंधारिष्ट. या बाबतीत मी स्वतः चुकलोय. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एक ओळखीचा मुलगा आला. दारू सोडली होती, अंगात त्राण नाही म्हणाला. मी अरिष्टाची बाटली दिली, जेवणानंतर सहा चमचे, सारख्या पाण्यातून. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाचा फोन. तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं. त्याला डॉक्टरांनी डायसल्फिराम सुरू केलेलं होतं, ज्यावर थोडी दारूही पोटात गेली की असंच होतं. आणि आसव-अरिष्टं आंबवून करतात; त्यांत आपोआप तयार झालेली दारू असतेच, साधारण ५ ते १० टक्के. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी विचारलं नव्हतं की बाबा, कुठली गोळी सुरू आहे का. आता अश्वगंधा मागणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. गोळी नसली तरी दारू सोडणाऱ्याला अरिष्ट देत नाही. तो आंबूस, तिखट झणका घशाखाली गेला की जीभ जुना रस्ता शोधते.

ज्येष्ठमध. पिणाऱ्यांना आम्लपित्त असतं, मग ते ज्येष्ठमध चघळत बसतात. सतत आणि जास्त घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, आणि पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटल्याचंही आढळलंय. घशासाठी दोन दिवस ठीक, रोजची सवय नको.

'रक्तशुद्धी'साठी कडुनिंबाचा रस आणि 'लिव्हर साफ' करायला पपईच्या बिया. दोन्हींचा अभ्यास प्राण्यांमध्ये चक्क नराची प्रजनन-क्षमता कमी करण्यासाठी झालाय. मूल हवं असताना हे रोज पिणारा माणूस बघितला की मला काय बोलावं सुचत नाही.

गुळवेलही, यकृत बिघडलेलं असेल तर, वैद्यांना विचारूनच. कोरोनाच्या काळात मुंबईतून तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं प्रसिद्ध झाली. दुसऱ्याच जातीची वेल चुकून घेतली गेली असेल, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. असेलही. कुंपणावरची वेल ओळखणारे आता किती उरलेत?

आणि बिननावाच्या 'पॉवर'च्या कॅप्सूल. अर्ध्या तासात फरक पडतो तेव्हा ती वनस्पती नसते. अशा मालात व्हायग्रातलं औषध मिसळलेलं अनेकदा सापडलंय. हृदयाच्या गोळ्या सुरू असलेल्याला ते मारून टाकू शकतं.

९० दिवस का

शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, मग बाहेर पडायच्या वाटेवर पिकायला आणखी आठवडा-दोन आठवडे. म्हणजे आज रिपोर्टमध्ये दिसणारा शुक्राणू तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलाय. तेव्हा तुम्ही काय पीत होतात, ते तो सांगतो. महिन्याभरानं "फरक नाही" म्हणून परत येऊ नका. आणि ऐंशीव्या दिवशी भावाच्या हळदीला "आजच्या दिवस" करू नका, कारण तो आजचा दिवस पुढच्या तीन महिन्यांच्या खात्यात जातो.

या काळात गुटखा, मावा, सिगारेट बंद. मांडीवर लॅपटॉप नको. वृषणं अंगापेक्षा दोन-तीन अंश थंड राहायला बाहेर टांगलेली असतात, त्यांना शेकू नका. मध्येच डेंग्यूसारखा जोराचा ताप येऊन गेला तर रिपोर्ट खाली येईल, तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

मी पुडी एका महिन्याचीच देतो आणि वर पेनानं तारीख घालतो. दुसरी न्यायला आलात की विचारतो, "किती वेळा बसलात?" खरं सांगितलं तर पुडी मिळते. खोटं सांगितलं तरी मिळते, पण मग पुढची मोजदाद शून्यापासून.

माझ्या वेळी दारू सोडल्यावर साडेतीन महिन्यांनी काउंट २ कोटी ६० लाख आला. मुलगी १९९९ ची. दारू सुटल्यामुळे की अश्वगंधेमुळे, असं लोक विचारतात. मला एवढंच माहीत आहे की पहिल्या सहा महिन्यांत अश्वगंधा होती आणि काही झालं नव्हतं.

परवा वाकडचा एक मुलगा आला, त्याचे ९० दिवस भरले होते. बायकोलाही घेऊन आला होता, तीच मोबाइलवर रिपोर्ट दाखवत होती. काउंट ८० लाखांवरून १ कोटी ९० लाख, पण हालचाल अजून २२ टक्क्यांवरच अडकलेली. तो चौथी पुडी मागत होता. मी दिली नाही. "डाव्या बाजूला जड वाटतं का, उभं राहिल्यावर?" विचारलं, तर बायकोकडे बघून हो म्हणाला. वृषणाच्या शिरा फुगलेल्या असल्या, व्हेरिकोसील, तर पुडीनं त्या उतरत नाहीत. कागदावर 'मूत्ररोगतज्ज्ञ, डॉप्लर सोनोग्राफी' एवढं लिहून दिलं. जाताना तिनं सासूबाईंच्या खोकल्यासाठी अडुळसा नेला, शंभर ग्रॅम.